नथ धुवायची नाही

कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका सराफाच्या दुकानात दागिने धुवायचं मशीन आल्याचं कळलं आणि मी लगेच पाटल्या, अंगठ्या पिशवीत घालून तिथं हजर झाले. एकदा डोक्यात शिरलं की मला दम निघत नाही, हा जन्माचा स्वभाव. मशीन म्हणजे काय, मिठाईच्या डब्याएवढी स्टीलची पेटी, आत कोमट पाणी आणि कसलं तरी साबणाचं औषध. बटण दाबलं की गुंऽऽ करत राहतं. दुकानातला माणूस म्हणाला, "बसा मॅडम, पाचच मिनिटं." पाच मिनिटं कुठली बसते मी. स्टुलावर टेकले, उठले, पेटीत वाकून बघितलं, परत टेकले. पाटलीच्या नक्षीतनं मळ धुरासारखा वर येत होता. रोज दोन वेळा अंघोळ करणारी बाई मी, मला तिथं चारचौघांत लाजल्यासारखं झालं.

"नथ पण टाका की," तो म्हणाला. माझ्या हातातली डबी त्यानं बघितली होती.

"नथ ऱ्हाऊ दे," मी म्हटलं आणि डबी पर्समध्ये टाकली.

"बरोबर हाय तुमचं. मोत्याला हे चालत न्हाय, मीच विसरलो."

मी मान डोलावली. मोत्याचं कारण खरंच आहे, पण माझं कारण ते नव्हतं. कुणाचीही नथ हातात आली की मी आधी नखाच्या टोकानं तिचा लाल खडा दाबून बघते. टणक लागला की मगच माझा जीव जाग्यावर येतो. ही खोड मला नव्वदच्या दशकात लागली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आम्ही मंगळवार पेठेत राहत होतो.

लग्नसराई आली की गल्लीतल्या बायका आमच्या आईकडे दागिने धुवायला आणून द्यायच्या. पैशाचा काही संबंध नव्हता. आईचा हात हलका होता आणि गुजरीतल्या पॉलिशवर तिचा राग होता, एवढंच. "तिथं ॲसिडात उकळत्यात, चाकावर घासत्यात. उजळतं, न्हाय कोण म्हणतंय? पण वरचं सोनं सोलून निघतं त्याचं काय?" असं ती म्हणायची. लग्नाआधी एकदा पॉलिश करा, पण समोर बसून करून घ्या आणि मधल्या काळात घरी धुवा, हा तिचा कायदा. तिच्याकडं अजून बरेच कायदे होते. रात्री रिठे भिजत घालायचे, सकाळी उकळायचे. बांगड्या, पाटल्या, अंगठ्या त्या कढत पाण्यात. कोल्हापुरी साज पाण्याला दाखवायचासुद्धा नाही, कारण त्याच्या पानांच्या पोटात लाख असते आणि कढत पाण्यात ती पाघळून बाहेर येते. साज जोंधळ्याच्या पिठानं हलक्या हातानं घासायचा आणि मऊ फडक्यानं पुसायचा. मोती आणि नथ सगळ्यात शेवटी, पाणी अगदी कोमट झाल्यावर, बुडवायची आणि लगेच काढायची. दात घासायची पेस्ट सोन्याला लावणाऱ्या बाईशी ती आठवडाभर बोलायची नाही.

सगळ्यात कडक कायदे दोन. एक, दागिना घेताना देणारीच्या समोर मोती आणि खडे मोठ्यानं मोजायचे. दुसरा, धुतलेलं पाणी फडक्यातनं गाळल्याशिवाय मोरीत ओतायचं नाही. एखादा खडा निसटला असेल तर तो फडक्यावर सापडतो. मला ती ब्रश हातात देऊन शेजारी बसवायची. दोन बांगड्या झाल्या की मी काही तरी निमित्त काढून उठायचे, आणि ती म्हणायची, "तुझ्या बुडाखाली काय इंगळ्या हायत का गं?"

समोरच्या घरात एक काकू राहायच्या. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला असलेल्या गिरणीपर्यंत जायचा. त्या उन्हाळ्यात त्यांनी थोरल्या मुलाचं लग्न करून राधानगरीकडच्या खेड्यातली सून आणली होती. पोरगी माझ्याच वयाची, सावळी, तरतरीत. नुसती बसली असं मी तिला कधी बघितलं नाही. मला ती रीतीप्रमाणे 'वन्सं' म्हणायची आणि मला ते आवडायचं, कारण घरात मला कुणीच मान देत नव्हतं. काकू तिला दिवसभर फैलावर घ्यायच्या. भाकरी जाड झाली, पदर घसरला, पाणी सांडलं, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "धाडू का परत राधानगरीला?" आम्हाला वाटायचं, बोलायची पद्धत आहे. त्या पोरीला मात्र तसं वाटत नसणार. पहिल्या दोन महिन्यांतच तिची बांगडी ढिली झाली होती.

मार्गशीर्षात काकूंच्या पुतणीचं लग्न गारगोटीला होतं. सगळी भावकी तिथं नव्या सुनेला पहिल्यांदा नीट बघणार होती, म्हणून काकूंनी घराण्याची नथ काढून तिला दिली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, काकू ब्लाऊज आणायला शिंप्याकडे गेल्याची संधी साधून, ती पोरगी पदराखाली डबी घेऊन आमच्याकडे आली.

"काकी, एवढी नथ धुवून द्या की. खडा लई कळकट दिसतोय. आत्याबाई म्हटल्या, धुवू नगं, मोती खराब हुत्यात. पण तुम्ही धुता ते खराब हुईत न्हाईत, व्हय की न्हाय? उद्या नाकात बघून त्याच खूश हुतील."

आईनं नथ उजेडाकडं धरली. मोती मोजले. "आणि मधी लाल खडा एक," असं म्हणून बोटानं दाखवला. आम्ही तिघींनी तो बघितला. मळका होता, चकाकी नव्हती, पण होता. पाणी कोमटच होतं, कारण सकाळपासून आईनं तीन घरच्या पाटल्या धुतल्या होत्या. तिनं नथ वाडग्यात बुडवली, जुना मऊ ब्रश चार वेळा फिरवला, वर काढून पालथी फडक्यावर ठेवली. एवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. आई उठून पळाली. मी दारात उभी राहून गल्लीत बघत होते.

ती पोरगी काही रिकामी बसणाऱ्यातली नव्हती. आई येईपर्यंत तिनं खाली सांडलेला फेस पुसला, पाट उचलून भिंतीला लावला आणि वाडग्यातलं पाणी मोरीत ओतून दिलं.

आई आली, तिनं नथ उलटी केली. मधलं घर रिकामं होतं.

"पाणी कुठाय?" आईनं विचारलं.

पोरीनं मोरीकडं बघितलं. मोरीजवळ जाऊन गुडघ्यावर बसली आणि जाळी उचकटून हात आत घातला. मोरीत काही नव्हतं. मग ती धावत बाहेर गेली. आमच्या मोरीचं पाणी पाइपातनं गल्लीतल्या उघड्या गटारीत पडायचं, तिथं ती बसली आणि कोपरापर्यंत हात घालून चिखल चिवडायला लागली. चिखल बाहेर काढायचा, दगडावर पसरायचा, बोटांनी चाचपायचा, परत हात आत. लग्नाचा हिरवा चुडा त्या काळ्या गाळात बुडत होता आणि मला ते बघवत नव्हतं. मी पण चप्पल घालून निघाले, तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं.

"थांब जरा. हे बघ." तिच्या हातात तो ब्रश होता. केसांच्या टोकांना लाल काही तरी चिकटलं होतं. आईनं ते अंगठ्यानं चोळलं, माझ्या बोटाला लावलं. चिकट, मऊ. वास ओळखीचा आला, आईच्या करंड्याचा.

"मेण हाय," आई हळू आवाजात म्हणाली. "कपाळाला कुंकवाखाली लावतो ते. त्यात कुंकू मळून खड्याच्या घरात भरलेलं हुतं. ह्या नथीत खडा नव्हताच."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हणजे ती बिचारी गटारीत जे शोधतेय ते तिथं नाहीच. "मग सांग की तिला. मी सांगते," म्हणून मी दाराकडं वळले.

आईनं मनगट सोडलं नाही. "काय सांगशील? तुझ्या सासूनं मेण भरलंय म्हणून? पोरगी जाऊन तिला तेच बोलंल. मग तिला त्या घरात सुखानं जगू देतील? आपण बोललो तर ती चहाडी हुती. जिनं भरलं तिच्या तोंडानं येऊ दे."

"आणि त्या बोलल्याच न्हाईत तर?"

"तर मग बघू," आई म्हणाली, आणि मला तिचा असा राग आला की काय सांगू. ही बाई एरवी दुसऱ्याच्या पाटलीला ओरखडा गेला तर जेवत नाही आणि आता हिला एवढी शांतता कुठनं आली. मी घरात येरझाऱ्या घालायला लागले. खिडकीपाशी जाऊन त्या पोरीची पाठ बघायची, परत यायचं. दोनदा उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि दोनदा आईनं नुसतं बघितलं. आता वाटतं, तिलाही चैन नव्हती. वाळलेली पाटली ती परत परत पुसत होती.

गल्लीतल्या दोन-तीन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय सांडलं गं?" "कानातलं का?" पोरगी मान वर न करता म्हणाली, "नथीचा खडा." बायकांनी एकमेकींकडं बघितलं. खडा कुणाचा, नथ कुणाची, सगळं न विचारता सगळ्यांना कळलं. एकीनं 'आता काय खरं न्हाय' म्हणून हात हलवला.

आणि काकू आल्या. काखेत ब्लाऊजची पिशवी, कपाळावर घाम. सवयीनं लांबूनच आवाज सुरू झाला, "अगं ए, गटारीत काय करतीस? भावकी उद्या बघणार आणि तू..." मग जवळ आल्या, तिचे हात बघितले, आमच्या उंबऱ्यावर उभी आई बघितली, आणि आईच्या तळहातावरची नथ.

"नथ धुतली?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. मी काकूंना एवढ्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

पोरगी उठली. रडत रडत सगळं सांगितलं. पाणी आपण ओतलं, काकींचा काही दोष नाही, खडा आपल्यापायी गेला. काकू ऐकत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आता बोलतील, मला वाटलं. आता. बायका पण वाट बघत होत्या.

"घालवलास व्हय खडा," काकू म्हणाल्या. "एवढं सांगितलं हुतं, धुवू नगं म्हणून."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. तोंड उघडलंच होतं मी. पण आई माझ्या पुढं होऊन पायरी उतरली. "आत या," काकूंना म्हणाली. "उन्हात कशाला उभ्या?" आत आल्यावर त्यांना पाटावर बसवलं, पाण्याचा तांब्या ठेवला, फडक्यावर नथ ठेवली आणि नथीशेजारी तो ब्रश ठेवला, लाल टोकं वर करून. रिठ्याचं पातेलं उचलून मागं निघून गेली.

मी कोपऱ्यात उभी होते. काकूंनी ब्रशकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी नजर हलवली नाही. त्यांना कळलं की आम्हाला कळलंय. पाणी त्या प्यायल्या नाहीत. हाताची बोटं ब्लाऊजच्या पिशवीचा बंद गुंडाळत होती, सोडत होती. बायका वाट बघून आपापल्या घरात गेल्या होत्या, बाहेरून नुसता गाळ पसरल्याचा आवाज येत होता. पोरगी परत खाली बसली होती.

मग आवाज थांबला आणि ती दारात आली. कोपरापर्यंत काळी. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली, आमचं घर खराब होऊ नये म्हणून.

"आत्याबाई, एक करू या का?" ती म्हणाली. "माझ्या आईनं दिलेल्या कुड्या हायत, त्यात लाल खडे हायत. त्यातला एक काढून नथीत बसवू या. गुजरी अजून उघडी असंल. कुणाला कळायचं न्हाय. मला परत धाडू नगा." आणि असं म्हणत ती त्या गाळानं माखलेल्या बोटांनी उजव्या कानातली कुडी फिरवून काढायला लागली. मळसूत्र तिच्या ओल्या बोटांत फिरेना. ती ओढायला लागली.

"ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या.

पोरगी ओढतच होती.

"ऱ्हाऊ दे म्हणते न्हवं. कान तुटंल." काकू उठल्या, उंबऱ्यापाशी गेल्या आणि तिचा तो घाण हात कानापासून काढून आपल्या हातात धरला. "तिथं खडा न्हाय. गटारीत न्हाय आणि मोरीत न्हाय. तू घालवला न्हाईस. मी घालवलाय."

मग तिथंच उंबऱ्यावर बसून त्यांनी सांगितलं. लग्न होऊन पहिलीच नागपंचमी होती. नणंदांबरोबर त्या पन्हाळ्याला गेलेल्या. तिथं झिम्मा-फुगड्या झाल्या, घरी येऊन बघतात तर खडा नाही. सासू अशी होती की दुधावरची साय कमी झाली तरी हिशेब मागायची. रात्रीत करंड्यातलं मेण घेतलं, कुंकू मळलं, भरलं. सासूला कळलं नाही. मग दर सणाला भरत गेल्या. उन्हात बसायचं नाही, चुलीपुढं नाकात नथ ठेवायची नाही, कुणाच्या हातात द्यायची नाही. एवढी वर्षं.

"पण तुमच्या सासूबाई तर कवाच गेल्या," मला राहवलं नाही. "मग खडा का न्हाई बसवला?"

"मग मालकांना काय सांगणार हुते?" काकू म्हणाल्या. "एवढी वरसं फसवलं म्हणून? आणि आता हिला नथ देताना काय सांगणार हुते? आज तोंडातनं गेलंच बघ, घालवलास म्हणून. किती सोप्पं गेलं. लाज वाटती मला."

पोरगी त्यांच्या शेजारी उभी होती, हात अंगापासून लांब धरून. मला वाटलं आता ती चिडेल. मी असते तर गल्ली डोक्यावर घेतली असती. तिनं नुसतं विचारलं, "म्हणजे मला न्हाय धाडणार?"

काकूंना ते ऐकून रडू फुटलं. गिरणीपर्यंत जाणारा तो आवाज, पण रडताना अजिबात आला नाही.

आईनं मागच्या दारी पोरीच्या हातावर पाणी ओतलं, दोन वेळा साबण लावायला लावला. उरलेलं रिठ्याचं पाणी पण कामाला आलं. चुड्यातला गाळ मी जुन्या ब्रशनं काढला आणि त्या वेळी मात्र मी एका जागी बसून होते. ती आत आली, पदराला हात पुसले आणि आईला म्हणाली, "काकी, तुमचा करंडा द्या की जरा."

आईनं दिला. पोरीनं मेणाचा गोळा बोटावर घेतला, चिमूटभर कुंकू घातलं, अंगठ्यानं मळायला लागली. "आता गुजरी मिटायला आली. खडा लग्नाहून आल्यावर बसवू," ती काकूंना म्हणाली. "मामंजींना मी सांगते, माझ्या हातनं पडला म्हणून. मी नवीन हाय, मला दोन दिवस रागावतील. तुम्हाला लई दिवस रागावतील. पण उद्याला तर भरायला पायजे."

काकू तिच्याकडं बघत राहिल्या. "मला कुणी असं म्हटलं न्हाय गं," एवढंच बोलल्या. मग डोळे पुसले, पुढं सरकल्या, आणि पोरगी नथीत मेण दाबायला लागली तसा त्यांनी तिचा हात धरला.

"एवढं न्हाय भरायचं," त्या म्हणाल्या. "कडेनं चेपायचं आणि मधी जरा फुगीर ठेवायचं. मग वरनं तेलाचं बोट फिरवायचं, अगदी एकच. लांबनं खड्यागत दिसतं."